वळसंगच्या रस्त्यावर भागाक्का

दाजी शाळेच्या फाटकाशी मोटार घेऊन आले आणि त्यांनी भोंगा वाजवला नाही, तेव्हाच मी काय ते ओळखायला हवं होतं. एरवी सोलापूरहून उतारू घेऊन अक्कलकोटात आले, की शाळेवरून जाताना ते भोंगा दाबत आणि माझ्या वर्गातली सगळी पोरं खिडकीकडे धावत. त्या दिवशी मीच खिडकीतून पाहिलं. मोटार रिकामी होती. दाजी तिच्या दाराला टेकून उभे होते, आणि त्यांची नजर शाळेकडे नव्हती, रस्त्याकडे होती. मी पोरांना वाचत बसायला सांगून बाहेर आलो. "आक्का?" मी विचारलं. "मास्तर, चला," एवढंच ते म्हणाले. गाव मागे पडलं. मग ते समोर बघतच म्हणाले, "पहाटंच्याला गेली..."

माझी बहीण भागीरथी गेल्याला आता काही आठवडे झाले. ती जाण्याआधीच्या रविवारी मी तिला पाहून आलो होतो. विषमज्वर उतरणीला लागलाय असं डॉक्टर म्हणाले होते, आणि तिनेही मला उशाशी बसवून, माझा सदरा कुणी धुतला, इतका मळका कसा, म्हणून चार शब्द सुनावले होते. तिच्या तोंडची बोलणी खाऊन मी निर्धास्त परतलो होतो. मोटारीत बसल्यावर तोच सदरा अंगात आहे हे माझ्या ध्यानात आलं, आणि मग माझ्याने बसवेना. वळसंगच्या अलीकडे रस्ता एका कोरड्या ओढ्याशी वळतो. तिथे आल्यावर दाजींनी मोटार हळू केली. रस्त्याच्या कडेला एक खळं आहे. आम्हा दोघांनाही ते ठाऊक होतं आणि दोघांनीही तिकडे पाहिलं नाही. त्या खळ्याची हकिकत आजवर मी कुणाला सांगितली नव्हती. आता दाजींनीच "लिव्हा" म्हटलं, म्हणून लिहितो आहे.

आमचं घर अक्कलकोटच्या दक्षिणेला, भीमेकडच्या एका खेड्यात. आई कानडी बोलायची, अप्पा मराठी, आणि आम्ही भावंडं ज्याच्याशी भांडायचं असेल त्याच्या भाषेत. आक्का मला शेवटपर्यंत 'तम्मा' म्हणाली, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. ती लग्न होऊन सोलापुरात गेली तेव्हा दाजी गिरणीत होते. पुढे त्यांनी ते काम सोडलं, मोटार चालवायला शिकले आणि एक जुनी मोटार घेऊन सोलापूर-अक्कलकोट उतारू नेऊ लागले. आक्काला ती मोटार मुळीच आवडत नसे. पेट्रोलच्या वासाने तिला मळमळे. नाइलाजाने बसायची वेळ आली, तर हातात लिंबू धरून, डोळे मिटून बसायची, आणि उतरल्यावर दाजींना म्हणायची, "ह्यापरीस बैलगाडी बरी. बैलाला काय दुखतंय त्ये दिसतं तरी." दाजी हसायचे. मोटारीविषयी तिच्याशी बोलण्यात अर्थ नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. ते बोलायचे माझ्याशी. सुट्टीत मी सोलापूरला गेलो, की बॉनेट उघडून मला सगळं समजावून सांगायचे. मोटारीच्या तोंडाशी पाण्याची जाळी असते, तिच्यामागे पंखा. इंजिनाच्या खालच्या चाकावरून एक चामड्याचा पट्टा त्या पंख्याला फिरवतो. पंख्याने समोरची हवा जाळीतून आत ओढून घ्यायची, म्हणजे जाळीतलं पाणी निवतं आणि इंजिन तापत नाही. मोटारीतलं माझं ज्ञान एवढंच, पण त्या दिवशी मागच्या बाकावर पडल्यापडल्या मला बाहेरचं बोलणं कळत होतं ते त्यामुळेच.

मी तेव्हा नुकता अक्कलकोटच्या शाळेत लागलो होतो. चैत्र होता. आदल्या दिवसापासून पोटात दुखत होतं. सकाळपर्यंत ते उजव्या कुशीत असं येऊन बसलं, की पाय सरळ करवेना. तिथल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि माझ्याशी न बोलता हेडमास्तरांना बाजूला नेलं. आतड्याला एक शेपटी असते, ती सुजली आहे, ती कापून काढावी लागेल, आजच्या आज सोलापूरला न्या, उद्यावर टाकू नका... असं ते म्हणाल्याचं मला नंतर कळलं. हेडमास्तरांनी सोलापूरची गाडी धरायला स्टेशनाकडे निघालेल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर दाजींना निरोप पाठवला. दाजी दिवसाच्या पहिल्याच खेपेला बसलेले उतारू खाली उतरवून तसेच निघाले, आणि आक्का हाताचं पीठ न धुता मोटारीत बसली. तिच्या मनगटावर ते पीठ वाळलेलं मी पाहिलं. लिंबू मात्र आणायला ती विसरली होती.

त्यांनी मला मागच्या बाकावर आडवं घातलं. आक्का खाली, बाकाला पाठ लावून बसली आणि मी घरंगळू नये म्हणून एक हात माझ्या छातीवर ठेवून राहिली. मला दिसत होतं ते मोटारीचं कापडी छत, आक्काचा अंबाडा आणि छताच्या कडेखालची आभाळाची एक पांढरी पट्टी. दुपार कलली होती, पण ऊन खाली आलं नव्हतं. समोरून वारा सुटला होता, भट्टीच्या तोंडातून यावा तसा. खड्डा आला की मी ओरडत असे, आणि मी ओरडलो की दाजी मोटार हळू करत, मग आक्का म्हणे, "तुमी नगा हळू करू. वरडू दे त्येला."

अक्कलकोट मागे पडून फार वेळ झाला नसेल. पुढून एक आवाज येऊ लागला, चुलीवरच्या आधणाचा असतो तसा. मग मोटार थांबली.

"काय झालं?" आक्काने विचारलं.

"काय न्हाय. पाणी तापलंय. घालतो नि निघतो."

फडक्याने झाकण उघडल्याचा, वाफ सुटल्याचा आवाज आला. दाजींनी पत्र्याच्या डब्यातलं पाणी घातलं आणि आम्ही निघालो. जरा पुढे गेलो नाही तोच पुन्हा तोच आवाज. ह्या वेळी दाजी लवकर परत आले नाहीत. मोटारीखाली आडवे होऊन कुठे गळतंय का ते त्यांनी पाहिलं. थेंबही नव्हता. जाळीत गवत, किडे अडकले असतील म्हणून काडीने ती साफ केली. मग बॉनेट उघडून इंजिन चालू केलं आणि उभे राहिले. पंख्याचा घोंघावता आवाज मला मागे ऐकू येत होता.

"पंखा तर झकास फिरतोय," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "पट्टा बी घट हाय. कालच नवा घातलाय."

"येताना का न्हाय तापली मग?" आक्का आतूनच म्हणाली.

"येताना ऊन कमी हुतं."

"कमी कुटं? येतानाच तर डोईवर आलंतं."

डब्यातलं उरलेलं पाणी दाजींनी जाळीत ओतलं. आता पाणी होतं ते फक्त आक्काने माझ्यासाठी घेतलेल्या तांब्यात.

त्यानंतरचा रस्ता मला आवाजानेच आठवतो. ते उकळणं सुरू झालं की माझं अंग आक्रसायचं. मोटारीतलं ते पाणी आणि माझ्या पोटातलं ते दुखणं ह्यांचा काही संबंध असावा असं मला तापात वाटू लागलं होतं. मोटार चालायची, उकळायची, थांबायची. थांबली आणि इंजिन चालू ठेवलं, की जरा शांत व्हायची. वेग घेतला की पुन्हा धुमसायची. दाजींच्या सगळ्या आयुष्यात असं झालं नव्हतं. मोटार उभी असताना तापते आणि चालू लागली की निवते, हा त्यांचा अनुभव; इथे सगळं उफराटं. ते मोठ्याने शिव्या देत नव्हते, पण दर वेळी उतरताना दार जास्त जोरात आपटत होते. ओढ्याच्या वळणाशी रस्ता काही अंतर मागे फिरल्यासारखा जातो. तिथे वारा पाठीवर आला. छताचं कापड जे इतका वेळ आत दबलं होतं, ते फुगलं, आणि पुढचा आवाज हळूहळू मंदावत बंद झाला. वळण संपलं. वारा पुन्हा तोंडावर आला आणि पाणी पुन्हा उकळू लागलं. आक्काचा माझ्या छातीवरचा हात एकदम स्थिर झाला.

"थांबवा," ती म्हणाली.

"थांबवायला कशाला पायजे, आपसूक थांबणार हाय," दाजी म्हणाले, आणि तसंच झालं.

रस्त्यालगतच ते खळं होतं. मळणी नुकती उरकलेली. ज्वारी घरी गेली होती, कडेला भुसा पडला होता. झाडाखाली एक म्हातारा शेतकरी बसला होता. त्याने न विचारता घागर आणली. "विहिरीनं तळ गाठलाय बाबा, एवढंच हाय," तो म्हणाला. दाजींनी घागर घेतली, पण ती जाळीत ओतली नाही. हे पाणी ओतलं की मोटार वळसंगच्याही पलीकडे जाणार नाही आणि पुढे पाणी कुठे मिळेल सांगता येत नाही, एवढा हिशेब त्यांना कळत होता.

आणि त्याच वेळी माझं दुखणं थांबलं. अगदी एकाएकी. इतका वेळ कुशीत कुणी सुरी फिरवत होतं, त्याने ती काढून घेतली. मला इतकं हलकं वाटलं, की हसू आलं. "आक्का, र्‍हायलं बघ दुखायचं," मी म्हणालो. "आता बरं वाटतंय. चल, माघारी जाऊ."

दाजींनी आत डोकावून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला दिसला. "मग असं करू," ते म्हणाले, "ऊन उतरंपतोर हितंच थांबू. इंजिन निवंल. आता तशीच दामटली आणि इंजिन जाम झालं, तर मग हितनं हलायचीच न्हाई ही."

बोलणं खोटं नव्हतं. म्हाताराही म्हणाला, "सावलीला घ्या त्येला. पाणी पाजा." सगळ्यांनाच थांबावंसं वाटत होतं, मला तर सगळ्यांहून जास्त. आक्का माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने सदरा वर करून माझ्या पोटावर हात ठेवला. नंतर ती सांगायची, पोट फळीसारखं लागलं आणि कपाळ ओल्या मडक्यासारखं. त्या क्षणी ती एवढंच म्हणाली, "न्हाय. बरं वाटत असतं तर त्येचं तोंड असं झालं नसतं." आणि म्हाताऱ्याकडे वळली, "आजोबा, तुमची बैलं हायती न्हवं? गाडी जुपून ठिवा. ही न्हाईच निघाली तर बैलगाडीनं निऊ."

"बैलगाडीला रात हुईल," दाजी म्हणाले.

"हू दे. हितं बसून बी रातच हुईल की."

म्हातारा बैलांकडे गेला. आक्का मोटारीच्या पुढे गेली. मला ती दिसेना, म्हणून मी कोपरावर उठलो, दुखत नव्हतंच. पुढच्या काचेतून, उघड्या बॉनेटच्या बाजूने मला तिचा अर्धा चेहरा दिसत होता.

"अवं, वळणावर वारं मागनं आलं तवा ही गप झाली. तुमच्या ध्यानात आलं का?"

"भागा, तुला कळत न्हाय त्यातलं. समोरनं वारं आलं की मोटार थंड ऱ्हाती. मागनं आलं की तापती. तू उलटं सांगतीयास."

"मी न्हाय उलटं सांगत. हीच उलटी चाललीया."

"पंखा फिरतोय की! मगाशी डोळ्यांनी बघितलाय मी!"

"फिरतोय. पर वारं कुटं सोडतोय? हिकडं का तिकडं?"

इतक्या वेगाने फिरणाऱ्या पंख्याकडे बघून तो कुठल्या बाजूने फिरतोय ते डोळ्याला कळत नाही. दाजींनी तळहात पुढे धरून पाहिला असता तर? पण बाहेरचा वारा इतका होता, की हाताला काय लागतंय ते सांगता आलं नसतं. आक्काने इकडेतिकडे पाहिलं. मग ती खळ्याच्या कडेला गेली आणि ओच्यात भुसा भरून आली. माहेरी उपणणीला उभं राहायचं ते तिनेच. वारा पडला आहे की उठतो आहे, किती वर हात धरला तर दाणा कुठे पडेल आणि भुसा कुठे जाईल, हे तिच्या हाताला माहीत होतं. "मोटार वाऱ्याला आडवी लावा," ती म्हणाली. दाजींनी आणि बैलं जुंपून परतलेल्या म्हाताऱ्याने मिळून मोटार ढकलून रस्त्यात आडवी केली, जाळीवर थेट वारा येणार नाही अशी. माझं डोकं बाकावरून हेलकावलं. दाजींनी दांडा मारून इंजिन चालू केलं. आक्का जाळीपुढे उभी राहिली, दोन्ही हात उंच केले आणि बोटांतून भुसा सोडू लागली.

भुसा जाळीकडे ओढला जायला हवा होता. तो जाळीला चिकटायला हवा होता. तो तिच्या तोंडावर आला. तिने पुन्हा मूठ भरली, पुन्हा सोडला. पुन्हा सगळा भुसा जाळीपासून लांब उडून तिच्या डोळ्यांत, केसांत, लुगड्यावर. मोटार आपल्या तोंडातून वारा बाहेर फुंकत होती. येताना वारा पाठीशी होता तोवर तिचं निभावलं. आता समोरून येणारा वारा आणि तिच्या तोंडातून निघणारा वारा जाळीवरच एकमेकांना अडवत होते.

दाजी ते बघत उभे होते. मग त्यांनी बटण दाबून इंजिन बंद केलं. पंखा थांबला. "ह्ये कुणी..." त्यांनी सुरुवात केली, आणि ते मधेच गप्प झाले.

कारण तो पट्टा त्यांनीच घातला होता. आधीचा जुना पट्टा घसरायचा; म्हणून आदल्या दिवशी त्यांनी गिरणीतल्या चामड्याचा चांगला तुकडा मिळवून तो वादीने शिवला, आणि गिरणीत कितीदा पाहिलं होतं तसा मधे फुली पडेल असा पीळ देऊन चढवला. तसा पट्टा चाकाला जास्त घट्ट धरतो. पण गिरणीत तसा घालतात ते मुख्यतः यंत्र उलट फिरवायचं असतं तेव्हा. घट्टपणाच्या नादात ते दाजींच्या डोक्यातून गेलं. सबंध रस्ताभर बॉनेट उघडून ते त्या फुलीकडे बघत होते, आणि मुद्दाम घातलेली म्हणून तिच्यावरून नजर पुढे जात होती.

आक्काने त्यांच्याकडे पाहिलं. तिलाही कळलं असणार. आदल्या दिवशी पट्टा शिवताना ती तिथेच भांडी घासत होती. ती जवळ गेली आणि हळू आवाजात काहीतरी बोलली. ते मला ऐकू आलं नाही. दाजी खाली वाकले.

पट्टा सरळ घातला तर तो सैल पडत होता. पीळ काढल्यावर लांबी उरते. तो कापून पुन्हा शिवायला हवा होता. म्हाताऱ्याने दाभण आणून दिलं. सगळं लोखंड तापलेलं. दाजींचा हात आत गेला की चटका बसल्याचा आवाज त्यांच्या दातांतून यायचा. आक्काने लुगड्याचा पदर ओला करून त्यांच्या मनगटाला गुंडाळला. माझं दुखणं तेवढ्यात परत आलं होतं, पण आता ते कुशीत नव्हतं, सगळ्या पोटभर होतं, आणि मी ओरडायचंही विसरलो होतो. शेवटी दांडा पुन्हा फिरला. आक्काने उरलेला भुसा सोडला आणि तो सपकन जाऊन जाळीवर बसला. तिने तो हाताने झाडून काढला, दाजींनी ती घागर जाळीत रिकामी केली, आणि जुंपलेली बैलं तशीच सोडून आम्ही निघालो. वारा समोरूनच होता. वळसंग गेलं, कुंभारी गेली. मी त्या उकळण्याच्या आवाजाची वाट बघत होतो. तो आला नाही.

इस्पितळात मला कापलं तेव्हा ती शेपटी फुटलेली होती. दुखायचं थांबलं तेव्हाच ती फुटली, आणि खरा धोका तिथूनच सुरू झाला, असं शल्यचिकित्सकांनी नंतर मला सांगितलं. "झाडाखाली संध्याकाळपर्यंत बसला असतात तर..." म्हणून त्यांनी वाक्य अर्धं सोडलं. मी बरेच दिवस तिथे पडून होतो, पोटात नळी घालून, आणि त्यातले पहिले काही दिवस माझा भरवसा कुणालाच नव्हता. एवढा उशीर का झाला म्हणून त्यांनी आक्काला विचारलं होतं. मी शुद्धीत होतो. ती म्हणाली, "वाटंत पाणी मिळंना, सायेब." दाजी मागे उभे होते, फोड आलेल्या हातांना पट्ट्या बांधलेल्या. त्यांनी मान खाली घातली. पुढे गावाकडून अप्पा आले, त्यांनाही तिने तेच सांगितलं. मोटारस्टँडवरचे सोबती दाजींचे हात बघून विचारत, त्यांना ती "इंजिनाची वाफ लागली" म्हणे. आपल्या भावाचा जीव ज्या चुकीपायी जात होता ती चूक कुणाची, हे तिने कधी कुणापाशी काढलं नाही. दाजींवर लोक विश्वासाने बसत राहिले. त्यांच्या मोटारीतून बाळंतिणी गेल्या, म्हातारीकोतारी माणसं गेली.

ती काही फार सोशिक बाई नव्हती, हे मला इथे सांगायला हवं. तिच्या जिभेची सगळ्या आळीला धास्ती होती. मीठ जास्त झालं तर ती मिठाला बोलायची. दाजी तेलकट हातांनी स्वयंपाकघरात आले की तिचा आवाज रस्त्यावर ऐकू यायचा. माठाच्या गळ्याला, दाराच्या कडीला त्यांच्या बोटांचे काळे ठसे दिसले, की ती दिवसभर बोलत राहायची. बारीकसारीक गोष्ट तिने कधी सोडली नाही. म्हणूनच त्या एका गोष्टीवर ती गप्प राहिली ह्याचं मला जास्त नवल वाटे.

आणि तिच्या स्वतःच्या वेळी... इस्पितळ घरापासून दोन गल्ल्यांवर होतं. मोटारीची गरजच नव्हती. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ घरी येऊन जात. काय बिघडलंय ते पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना कळलं होतं, आणि तरी करण्यासारखं हाताशी काही नव्हतं. ओल्या घड्या बदलायच्या आणि ताप बघायचा. दाजी तेवढे दिवस मोटार घेऊन गेलेच नाहीत. दारात उभी होती ती. शेजारच्या बायका सांगतात, की मधूनच ते बाहेर येत, बॉनेट उघडत, आत बघत आणि पुन्हा बंद करून घरात जात.

तिचे दिवस झाल्यानंतरच्या रविवारी मी सोलापूरला गेलो. दाजी पायरीवर बसले होते. मी शेजारी बसलो. ते म्हणाले, "मास्तर, त्यो पट्टा... मी घातला हुता. तुमास्नी ठावं हाय का?"

"ठाऊक आहे."

"तिनं सांगितलं?"

"नाही. मी मागे पडलो होतो, कान उघडे होते."

त्यांनी मान हलवली. मग मी इतकी वर्षं मनात असलेलं विचारलं, "तेव्हा ती तुमच्याजवळ येऊन काय बोलली?"

"म्हनली, आता हात चालवा. रागवायचं काय आसंल त्ये मी घरी गेल्यावर रागवीन." दाजींनी दारातल्या मोटारीकडे पाहिलं. "मी वाट बघत हुतो, मास्तर. तुमी इस्पितळात हुता तवर वाटायचं, तुमी बरं झाल्यावर रागवंल. तुमी बरं झालासा, तवा वाटलं, आता रागवंल. मीठमिरचीवरनं रोज भांडायची, तवा बी वाटायचं, आज त्यो इषय काढती. न्हाई काढला. एकदा मीच म्हनलो, भागा, त्या पट्ट्याचं... तर म्हनली, दूध उतू जातंय, सरका तिकडं." ते हसले आणि मग त्यांना हसू आवरेना, की रडू, ते मला कळलं नाही. "ती रागवायची ऱ्हाऊनच गेली, बघा. आता लिव्हा तुमी ह्ये. लोकास्नी कळू दे की, माझी चूक हुती म्हनून."

तहान लागली म्हणून मी आत पाणी प्यायला निघालो, तर दाजी म्हणाले, "थांबा, मी आनतो." सकाळपासून ते मोटारीशी काहीतरी करत होते, हात कोपरापर्यंत काळे होते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेले आणि एकाएकी थबकले. मला त्यांची पाठ दिसत होती. दोन्ही हात अंगापासून लांब धरून ते तसेच उभे राहिले, आतून काही ऐकू येतंय का म्हणून माणूस उभा राहतो तसे. चूल सारवलेली होती. माठ भरलेला होता. मग ते मागे वळले, माझ्याकडे न बघता परसात गेले, आणि दगडावर राख घेऊन हात घासू लागले... बराच वेळ घासत राहिले.